जिम बीम, मेकर्स मार्क की वुडफर्ड? बर्बनवर जास्तीचे पैसे कुठपर्यंत घालावेत

इंदिरानगरकर

मंडळी, बर्बनबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या मक्याच्या व्हिस्कीबद्दल, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. स्कॉच आणि देशी व्हिस्कीची ओळख आहे, पण बर्बनमध्ये गाडी जिम बीम व्हाइटच्या पुढे गेलेली नाही. नाशिकच्या दुकानांत चार नावं हमखास दिसतात: जिम बीम व्हाइट, जिम बीम ब्लॅक, मेकर्स मार्क आणि वुडफर्ड रिझर्व्ह. पहिल्या आणि शेवटच्या बाटलीच्या किमतीत चांगलंच अंतर आहे.

प्रश्न असे. हे अंतर जिभेला कळतं की फक्त खिशाला? चौघांत मिळून दोन बाटल्या घ्यायच्या तर कुठल्या दोन? त्यातले दोघं सोड्याशिवाय पीत नाहीत, त्यांच्यासाठी महागडी बाटली फोडावी का? आणि जॅक डॅनियल्स बर्बनच ना?

हिशोबी

शेवटचा प्रश्न आधी, तो लवकर निकालात निघतो. जॅक डॅनियल्स बर्बनच्या जवळपास सगळ्या अटी पाळते, पण स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. गाळलेली दारू पिंपात भरण्याआधी शुगर मेपल झाडाच्या कोळशाच्या सुमारे दहा फुटी थरातून झिरपवतात, तो फरक.

आता बर्बन कशाला म्हणायचं, कारण किमतीचं गणित तिथूनच सुरू होतं. अमेरिकी कायद्याप्रमाणे धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. गाळताना मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको, बाटलीत ४० च्या खाली नको. पिंप ओकचं, कोरं करकरीत आणि आतून जाळलेलं. वरून रंग किंवा स्वाद घालायला मनाई. आपल्याकडच्या बऱ्याचशा व्हिस्कीत मळीचं स्पिरिट आणि कॅरॅमलचा रंग चालून जातो. बर्बनमध्ये सगळ्यात स्वस्त बाटलीलाही ती सवलत नाही. तळाची पायरीच बऱ्यापैकी उंच असल्यामुळे वर चढताना दर पायरीला हाती लागणारा फरक लहान वाटतो.

पैसे कशाचे जातात ते बघायला एकाच घरातली दोन भावंडं घ्या. जिम बीम व्हाइट आणि नॉब क्रीक, दोन्ही बीमच्याच. धान्याचं प्रमाण तेच: साधारण ७५ टक्के मका, १३ टक्के राय (गव्हासारखं एक धान्य), बाकी मोड आणलेली बार्ली. व्हाइट चार वर्षांची, ४० टक्के. नॉब क्रीक नऊ वर्षांची, ५० टक्के. म्हणजे जास्तीचे पैसे जातात पाच वर्षांच्या मुक्कामाचे आणि कमी घातलेल्या पाण्याचे.

मुक्काम महाग का पडतो? बर्बनच्या माहेरी, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पिंपातलं साधारण चार टक्के दरसाल उडून जातं. २०० लिटरचं पिंप धरलं तर चार वर्षांनी १७० लिटर उरतात, नऊ वर्षांनी १३८, पंधरा वर्षांनी १०८ आणि तेवीस वर्षांनी जेमतेम ७८. हे कागदावरचं गणित. गोदामाच्या वरच्या, तापणाऱ्या मजल्यांवर घट जास्त येते. उरलेल्या लिटरांवर सगळ्या पिंपाचा खर्च बसतो.

पाण्याचा हिशोबही करा. ७५० मिलीच्या ४० टक्क्यांच्या बाटलीत ३०० मिली शुद्ध मद्यार्क, ५० टक्क्यांच्या बाटलीत ३७५. सव्वापट. म्हणजे ५० टक्क्यांची बाटली पंचवीस टक्के महाग असली तर ती महाग नाहीच, पाणी तुम्ही घरी घालणार एवढंच. परदेशातून येणारी बाटली ७०० मिलीची किंवा लिटरची असू शकते, तेव्हा आधी १०० मिलीचा भाव काढा आणि मगच तुलना करा.

इथे एक जास्तीचा झोल आहे, कराचा. अमेरिकी बर्बनवर आयातीला १५० टक्के शुल्क होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १०० टक्क्यांवर आलं, त्यात ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ५० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा. एकावर एक टक्केवारी चढत गेल्यामुळे तिकडचा दहा डॉलरचा फरक इथल्या फळीवर येईपर्यंत कितीतरी फुगतो. तिकडची माणसं 'थोडे जास्त द्या आणि वरची घ्या' असा सल्ला देतात तो तिकडच्या भावाला बरोबर आहे. इथे जसाच्या तसा लावू नका.

माझं मत: नीट, म्हणजे काही न मिसळता, प्यायची तर मेकर्स मार्कपाशी थांबा. सोड्यातून प्यायची तर व्हाइटच्या वर जाऊच नका.

ओकवाला

हिशोबींशी अर्धा सहमत. करांचं खरं आहे, पण वुडफर्ड इतक्या सहज उडवून लावण्यासारखी नाही. आधी लाकडाकडे येऊ, कारण बर्बनची निम्म्याहून जास्त चव पिंपातून येते आणि नाशिककरांना पिंप काही नवीन नाही.

आपल्या दिंडोरी-गंगापूर पट्ट्यातल्या वायनरीत जी ओकची पिंपं असतात ती बहुधा २२५ लिटरची, आतून नुसती शेकलेली, आणि पुढच्या हंगामांत परत परत वापरायची. बर्बनचं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटरचं, अमेरिकी पांढऱ्या ओकचं आणि आतून चक्क पेटवलेलं. सगळ्यात हलकी जाळणी पंधरा सेकंदांची, चौथ्या नंबरची पंचावन्न सेकंदांपर्यंत. चौथ्या नंबरला लाकडाला अशा भेगा पडतात की धंद्यातले लोक तिला मगरीची कातडीच म्हणतात. वाइल्ड टर्की या बर्बनसाठी हीच जाळणी वापरतात.

जाळल्यामुळे दोन गोष्टी होतात. वरचा कोळसा कोऱ्या दारूतला गंधकाचा उग्र वास शोषून घेतो. कोळशाच्या मागे एक लालसर थर तयार होतो, तिथे लाकडातली साखर करपून कॅरॅमल झालेली असते. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिला येतो, लॅक्टोनपासून खोबऱ्यासारखा वास. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते आणि येताना हा माल घेऊन येते.

कोरं लाकूड भरभरून देतं, पण थांबायचं कधी हे त्याला ठाऊक नसतं. स्कॉच जुन्या, वापरून झालेल्या पिंपात पंचवीस वर्षं आरामात बसते. बर्बन तेवढी बसवली तर टॅनिन इतकं उतरतं की तोंडात तुरटपणाच राहतो. रेड वाइन पिणाऱ्याला ही चव लगेच ओळखता येईल. बहुतेक बर्बन सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान रंगात असते. त्यामुळे 'जितकी जुनी तितकी भारी' हा स्कॉचचा हिशोब इथे लावला की पैसे फुकट जातात.

आता चार बाटल्या.

जिम बीम व्हाइट: भाजलेल्या मक्याचा वास, त्यामागे बीमच्या घराण्याची ओळख असलेली शेंगदाण्याची झाक, थोडा व्हॅनिला. घोट उतरला की चव पटकन विझते. नीट प्यायला कच्ची वाटते ती वयामुळे.

ब्लॅक: तीच, पण जास्त मुरलेली. हिच्याबाबत सावध राहा, कारण लेबल बदलत आलं आहे. पूर्वी आठ वर्षांची होती, मग वयाचा आकडाच काढला आणि ४३ टक्क्यांवर ठेवली, अलीकडे सात वर्षं आणि ४५ टक्के अशी नवी आली. फळीवर जुना साठा असू शकतो. वयाचा आकडा छापलेली मिळाली आणि भाव सारखाच असला तर तीच उचला.

मेकर्स मार्क: इथे रायऐवजी गहू. ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के मोड आणलेली बार्ली, बाटलीत ४५ टक्के. पिंपात भरतानाच ५५ टक्क्यांवर भरतात, कायद्याच्या मर्यादेपेक्षा बरंच खाली, त्यामुळे बाटलीत भरताना पाणी कमी घालावं लागतं. पिंपं वरच्या मजल्यावरून खाली फिरवतात, म्हणून एका बाटलीत आणि दुसऱ्या बाटलीत फरक फार पडत नाही. चव गोडसर, मऊ, कॅरॅमल आणि ताज्या पावासारखी. तिखटपणा नाही. ज्यांना घशाशी जरा चटका लागतो ते हिला मिळमिळीत म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही.

वुडफर्ड: ७२ टक्के मका, १८ टक्के राय, १० टक्के बार्ली. यातला काही भाग तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (एका वेळी एकच घाणा गाळणाऱ्या भांड्यात) तीनदा गाळलेला, बाकीचा कॉलम स्टिलचा (सलग गाळणाऱ्या उंच नळकांड्याचा). रायमुळे लवंग आणि मिरी, लाकडामुळे कोको, शिवाय संत्र्याची साल आणि सुकामेवा. चारांत सगळ्यात जास्त पदर हिलाच आहेत. अमेरिकेत ती ४५.२ टक्क्यांवर मिळते, बाहेरच्या बऱ्याच देशांत ४३.२ वर. म्हणजे तिकडच्या परीक्षणांत वाचलेली बाटली आणि आपल्या हातातली बाटली एकच असेल असं धरू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन बाटल्या घ्यायच्या तर एक गव्हाची आणि एक रायची घ्या, म्हणजे मेकर्स आणि वुडफर्ड. व्हाइट आणि ब्लॅक अशी जोडी घेतली तर एकाच घराण्याची दोन वयं चाखल्यासारखं होईल, बर्बन म्हणजे किती तऱ्हा ते कळणार नाही.

कारंजावाला

एवढे पैसे मक्याच्या दारूत घालण्यापेक्षा सरळ सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, घ्या की. त्याच भावात चांगली देशी सिंगल माल्ट येते.

ओकवाला

@कारंजावाला, घ्या की, कोण अडवतंय. पण त्या माल्टमधला व्हॅनिलाही बहुधा बर्बनचाच उष्टा आहे. कायद्याने बर्बनला पिंप एकदाच वापरता येतं, म्हणून रिकामी झालेली पिंपं स्कॉटलंडला, गोव्याला, बेंगळुरूला जातात. आपल्या दिंडोरीत तयार होणारी लाँगिट्यूड ७७ सुद्धा अमेरिकी बर्बनच्या पिंपांत मुरवून मग वाइनच्या पिंपांत ठेवलेली आहे. धागाकर्त्यांना तिसरी बाटली घ्यायची झाली तर ती घ्या: कोऱ्या पिंपाने काय दिलं आणि उरलेल्यातून माल्टने काय उचललं, हे शेजारी शेजारी ठेवून कळेल.

बारमागे

सोड्यावाल्या दोघांसाठी उत्तर. व्हाइट घ्या, भांडणच मिटलं. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, ४५ मिली बर्बन, त्यावर १३५ मिली सोडा. ग्लासच्या कडेने हळू ओतायचा, लांब चमचा एकदाच खालून वर फिरवायचा. लोक हमखास चुकतात ते दोन ठिकाणी. सोडा फ्रिजबाहेरचा असतो, तो ओतला की बर्फ विरघळतो आणि गॅस उडतो. आणि बर्फ कमी घालतात, 'पाणी होईल' म्हणून. उलट आहे: दोनच खडे लवकर वितळतात, भरलेला ग्लास थंड राहतो. एक भाग बर्बनला तीन भाग सोडा या प्रमाणात वुडफर्डचा कोको, लवंग वगैरे शोधूनही सापडत नाही. मक्याचा गोडवा तेवढा उरतो आणि तो व्हाइटमध्येही आहेच. मेकर्समध्ये कोला ओतणाऱ्याचे पैसे पाण्यात सुद्धा जात नाहीत, कोल्यात जातात.

बर्फाबद्दल अजून एक. घरच्या फ्रीझरमधल्या बर्फाला बोंबील-लसणाचा वास लागतो आणि बर्बनसारख्या गोडसर दारूत तो लगेच जाणवतो. झाकणाचा ट्रे घ्या, आरओचं पाणी वापरा, आदल्या दिवशीच लावा.

महागड्या बाटलीचे पैसे कुठे वसूल होतात? नीटमध्ये आणि ओल्ड फॅशन्डमध्ये. ओल्ड फॅशन्ड: ६० मिली बर्बन, ५ मिली साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू मसालेदार अर्काचे) दोन झटके, बर्फावर अर्धा मिनिट ढवळायचं, मग एका मोठ्या खड्यावर गाळायचं. ढवळताना साधारण २० मिली पाणी सुटतं. ४० टक्क्यांची बर्बन असेल तर ग्लासात साधारण २८ टक्के उरतात आणि पेय पांचट लागतं. ५० टक्क्यांची असेल तर साधारण पस्तीस उरतात. म्हणून या पेयाला वयापेक्षा टक्के महत्त्वाचे. पंचेचाळीसच्या खाली जाऊ नका. मेकर्स वापरत असाल तर पाक ३ मिलीवर आणा, ती मुळात गोड आहे. वरून संत्र्याची साल पिळायची ती घट्ट सालीच्या माल्ट्याची, सुटी साल असलेल्या नागपुरी संत्र्याची नीट पिळली जात नाही. सालीच्या मागची पांढरी बाजू सुरीने खरवडून टाका, कडवट असते.

व्हिस्की सावर करणार असाल तर परदेशी कृतीतलं लिंबाचं माप जसंच्या तसं घेऊ नका. तिकडचं लेमन सौम्य, आपलं कागदी लिंबू आंबटढाण. ६० मिली बर्बनला २० मिली रस, २० मिली पाक, बर्फ घालून दणकून हलवा. साखरेऐवजी गुळाचा पाक छान लागतो: गूळ आणि पाणी समान वजनाने गरम करून फडक्यातून गाळून घ्या. इथेही व्हाइट किंवा ब्लॅक पुरे.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून दोन शंका. लेबलवर स्मॉल बॅच, रिझर्व्ह, सिंगल बॅरल, स्ट्रेट असं बरंच काही लिहिलेलं असतं, त्यातलं किती मनावर घ्यायचं? आणि एक मित्र अमेरिकेतून येतोय, त्याला पॅपी व्हॅन विंकल ही बर्बन आणायला सांगावं का? नाव फार ऐकलंय.

हिशोबी

'स्मॉल बॅच'ला कायद्यात व्याख्याच नाही. दहा पिंपं एकत्र केली तरी स्मॉल बॅच, दोनशे केली तरी स्मॉल बॅच. 'रिझर्व्ह', 'ओल्ड', 'हँडक्राफ्टेड' हेही तसंच, शोभेचं.

'स्ट्रेट'ला मात्र अर्थ आहे: किमान दोन वर्षं पिंपात, आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापणं सक्तीचं. म्हणजे स्ट्रेट लिहिलंय आणि वय लिहिलेलं नाही, तर आतली दारू किमान चार वर्षांची. वय छापलेलं असेल तर ते आतल्या सगळ्यात तरुण दारूचं.

'बॉटल्ड इन बाँड' हा लेबलवरचा सगळ्यात कामाचा शब्द. १८९७ च्या कायद्यातून आलेला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. त्या काळी व्यापारी दारूत काहीबाही मिसळून विकत, त्याला आळा घालायला कायदा आला. आज यातल्या कित्येक बाटल्या तिकडे स्वस्तात मिळतात, कारण नाव जुनाट वाटतं. मित्राला काही आणायला सांगायचंच तर हे शब्द शोधायला सांगा.

'सिंगल बॅरल' म्हणजे एका वेळी एकाच पिंपातली. यात दर्जाची हमी नाही, फरकाची आहे. आवडलेली बाटली पुन्हा आणली तर ती तशीच लागेलच असं नाही. फोर रोझेसच्या सिंगल बॅरलला ५० टक्के असतात, ती चांगली निवड आहे.

मागचं बारीक अक्षरही वाचा. 'डिस्टिल्ड बाय' असेल तर त्यांनीच गाळलेली. 'प्रोड्यूस्ड बाय' किंवा 'बॉटल्ड बाय' एवढंच असेल तर दारू बहुधा दुसऱ्याकडून घेतलेली. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गची एक मोठी डिस्टिलरी कितीतरी ब्रँडना माल पुरवते. तो माल वाईट नसतो, पण 'आमच्या पणजोबांची गुप्त कृती' या गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नका.

पॅपीचं सांगू नका. मुळात छापील भावाला ती तिकडच्या लोकांनाच मिळत नाही, सोडत निघते आणि बाहेर कित्येक पटींनी विकली जाते. ती बफेलो ट्रेस डिस्टिलरीत तयार होते, तिथेच डब्ल्यू. एल. वेलर ही गव्हाचीच बर्बनही होते. दोघींची धान्याची कृती एकच मानली जाते. फरक वयाचा आणि पिंपांच्या निवडीचा. मित्राला वेलर, ईगल रेअर दहा वर्षांची किंवा नॉब क्रीक नऊ वर्षांची सांगा, जी छापील भावाला मिळेल ती. वाइल्ड टर्की १०१ तर तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानातही असते, ५०.५ टक्के, आणि पैशाला इतकी खरी उतरणारी बाटली दुसरी सापडणं कठीण. सीमाशुल्काविना माणशी दोन लिटर आणता येतात, म्हणजे ७५० च्या दोन बाटल्या आरामात. आणि बाटल्या विमानात पोटातल्या सामानात, कपड्यांत गुंडाळून.

कारंजावाला

सिंगल माल्टचा हट्ट सोडतो, पण एक महत्त्वाचं राहिलंय. पेठमार्गे दमण-सिल्वासाहून 'अर्ध्या भावात आणून देतो' म्हणणारे भेटतील. त्या बाटलीवर तिथल्याच विक्रीचा शिक्का असतो आणि ती इकडे आणणं गुन्हा आहे. उत्पादन शुल्कवाले रस्त्यावर धरतात. त्याहून वाईट म्हणजे महागड्या रिकाम्या बाटलीत भलतंच भरून विकलेलं. झाकणावरचं सरकारी लेबल फाटलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं तर नाही ना, झाकणाची कडी आधीच तुटलेली तर नाही ना, एवढं काउंटरवरच बघा. बाटली उलटी करून दिव्यासमोर धरा, आत कण तरंगताना दिसले तर परत द्या. आणि रिकामी झालेली बाटली भंगारात देताना लेबल फाडून द्या.

परवानाही काढून ठेवा. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. वय पंचवीस पूर्ण हवं.

कोपऱ्यातलं टेबल

महाग चांगली की नाही यावर इतकं लिहिण्यापेक्षा चौघं आहात तर डोळे झाकून चाखा. पद्धत नीट हवी, नाहीतर जास्त टक्क्यांची बाटली आपोआप 'दमदार' ठरते आणि निकाल फसतो.

आधी सगळ्या ४० टक्क्यांवर आणा. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा. २० मिली दारू धरली तर ४५ टक्क्यांच्या मेकर्समध्ये २.५ मिली पाणी, ४३.२ च्या वुडफर्डमध्ये १.६, ५० टक्क्यांच्या बाटलीत ५. व्हाइटमध्ये काही नाही. पाणी आरओचं किंवा बाटलीबंद. नळाच्या पाण्यातला क्लोरीन वासावर बसतो. पाणी घातल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवा.

मग एका वेळी दोनच बाटल्या घ्या आणि तीन ग्लास. दोन ग्लासांत एक, तिसऱ्यात दुसरी. ग्लासच्या तळाला चिकटपट्टीवर खूण. ओतणारा वेगळा, मांडणारा वेगळा. चाखणाऱ्याने एवढंच सांगायचं: वेगळा ग्लास कुठला? 'चांगला कुठला' हा प्रश्न नंतर. वेगळाच ओळखता येत नसेल तर जास्तीच्या पैशाचा विषयच संपला. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळे चौघांपैकी दोघांनी ओळखलं तर काही सिद्ध होत नाही. तिघांनी ओळखलं तरी नऊत एकदा ते नुसत्या नशिबाने घडतं. चारही जणांनी ओळखलं तर मात्र माना, नशिबाने तसं होण्याची शक्यता एक्याऐंशीत एक.

ग्लास वाइनचा छोटा, तोंडाशी निमुळता. वास घेताना तोंड किंचित उघडं, नाक ग्लासच्या वर दोन बोटं. पहिल्या घोटावर मत बनवू नका, तो नुसता जळजळतो. दुसऱ्यापासून चव कळते. मधे साधं पाणी आणि कोरा पाव. नाशिकचा चिवडा समोर नको, निकाल लागल्यावर काढा. अगरबत्ती, अत्तर, पान, पुदिना सगळं बाहेर.

माझा अंदाज सांगून ठेवतो: व्हाइट आणि मेकर्स चौघंही ओळखतील. व्हाइट आणि ब्लॅक दोघंतिघं ओळखतील. मेकर्स आणि वुडफर्ड वेगळ्या आहेत हे कळेल, पण 'भारी कुठली' यावर भांडण होईल, आणि किमतीचा त्यात काही संबंध नसेल.

ओकवाला

कोपऱ्यातल्या टेबलाची पद्धत उत्तम. फक्त पहिला फेरा झाल्यावर त्याच बाटल्या मूळ टक्क्यांवरही चाखा. मेकर्स मुद्दाम ४५ वर भरतात. २०१३ मध्ये तुटवड्यामुळे ती ४२ वर आणायचा बेत कंपनीने जाहीर केला, तर गिऱ्हाइकांनी इतका गिल्ला केला की आठवडाभरात माघार घ्यावी लागली. ४० वर आणल्यावर तिच्यावर थोडा अन्याय होतोच.

इंदिरानगरकर

ठरलं. मेकर्स आणि वुडफर्ड एकेक, सोड्यावाल्यांसाठी व्हाइटची क्वार्टर मिळाली तर क्वार्टर, नाहीतर छोटी बाटली. मित्राला १०१ सांगतो. आता शेवटचं: उरलेली बाटली किती टिकते? आणि मेकर्सचं ते लाल मेण कसं काढायचं?

ओकवाला

न उघडलेली बाटली वर्षानुवर्षं तशीच राहते. काचेत गेल्यावर दारूचं वय वाढत नाही. उघडल्यावर अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तोवर काळजी नाही. तळाशी एक तृतीयांश उरली की वर हवा जास्त होते आणि काही महिन्यांत वास मंदावतो. छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून ठेवा, किंवा लोकांना बोलवा.

बाटली उभी ठेवायची. वाइनच्या सवयीने आडवी ठेवणारे नाशकात बरेच आहेत. वाइनला बूच ओलं राहावं म्हणून ते ठीक, पण ४५-५० टक्क्यांची दारू बुचाला महिनोन्महिने लागून राहिली तर बूच ठिसूळ होतं आणि उघडताना मोडून आत पडतं. तसं झालंच तर कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा आणि स्क्रूच्या झाकणाच्या स्वच्छ बाटलीत भरा. फ्रिजच्या डोक्यावर किंवा खिडकीत ठेवू नका. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा फ्रिजमागची गरम हवा बुचातून वास उडवते. बंद कपाटाचा खालचा कप्पा पुरे.

बारमागे

मेणाला सुरी लावू नका, गरम पाण्यातही धरू नका. मेणाखालून एका पट्टीचं टोक बाहेर आलेलं असतं, ते चिमटीत धरून गोल ओढा, वरची टोपी सुटते. टोक तुटलं तर बुचाच्या कडेला, काचेच्या ओठाखाली, नखाने मेण गोल फोडा आणि झाकण पिळून काढा. ओतण्याआधी ओठावरचे लाल तुकडे कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पहिल्याच पेगात पडतील.